घरातल्या फुलझाडावरची कीड एका फवारणीत का जात नाही?

घरातल्या फुलझाडावर कीड दिसली की बहुतेक जण हाताशी असेल ते औषध फवारतात. चार-सहा दिवस झाड स्वच्छ दिसतं आणि मग एका सकाळी कळ्यांच्या देठांवर तेच किडे पुन्हा हजर असतात. औषध कमी पडलं असं वाटून पुढच्या वेळी मात्रा वाढवली जाते. त्यात पानं करपतात, कळ्या गळतात, आणि कीड मात्र तग धरून राहते. खरं तर बहुतेक वेळा औषध कमजोर नसतंच. त्या दिवशी किडीची निम्मी पिढी औषध पोचणार नाही अशा अवस्थेत किंवा अशा जागी असते. अंडी कुठे घातली जातात, पिल्लं किती दिवसांनी बाहेर पडतात, कोष कुठे लपतो, एवढं कळलं की सौम्य औषधानेही झाड साफ होतं. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी फुलझाडांची अडचण समजून घेऊ. झाडाचा रस शोषणारे किडे कोवळ्या भागावर येतात, कारण तिथली साल पातळ असते आणि रसात नत्रयुक्त अंश जास्त असतो. फुलझाडावर असा कोवळा भाग सतत तयार होत असतो: नवा फुटवा, कळ्यांचे देठ, उमलू घातलेली कळी. त्यात परागकण म्हणजे फुलकिड्यांना आयतं प्रथिन. घरात पाऊस नाही, जोराचा वारा नाही, किडे खाणारे किडे नाहीत, आणि तापमान जवळपास सारखं. बाहेर ज्या गोष्टी किडीला आवर घालतात त्या सगळ्या घरात गैरहजर असतात. वर फुलं जास्त यावीत म्हणून आपण खत घालतो. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत वाढतं, आणि मावा व पिठ्या ढेकूण नेमक्या अशाच झाडावर झपाट्याने वाढतात.

रस शोषणाऱ्या किडीचं आणखी एक लक्षण इथेच सांगतो. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं तयार करायला लागणारा अंश अगदी थोडा असतो. तो पुरेसा मिळवायला किड्याला खूप रस प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो मागच्या बाजूने टाकून देतो. हाच तो चिकटा. पानं चकाकतात, कुंडीखालची फरशी चिकट लागते, मुंग्यांची रांग लागते आणि थोड्या दिवसांनी त्या चिकट्यावर काळी काजळी बुरशी धरते. बुरशी साखरेवर जगते, पानात शिरत नाही. ती ओल्या फडक्याने पुसली तर निघते, पण वर किडा बसलेला असेल तोवर परत येणारच. मुंग्या दिसल्या तर मुंग्यांच्या मागे न लागता त्या झाडावर कुठवर जातात ते बघावं. त्या थेट किडीपाशी नेऊन सोडतात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ऑर्किडच्या फुलदांड्यावर आणि कळ्यांच्या मागे कधीकधी स्वच्छ, गोड थेंब दिसतात. ते झाड स्वतःच सोडतं. आजूबाजूला किडा नसेल तर तिथे काहीही करायची गरज नाही.

कोण आलंय ते आधी बघा

पाहणीसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक पांढरा कागद पुरतो. पानाची खालची बाजू, पान जिथे खोडाला जुळतं तो बेचका, कळीचा देठ आणि फुलाची मागची बाजू, या चार जागा बघायच्या. वरून झाड न्याहाळून काही कळत नाही.

मावा ओळखायला सोपा. शेंड्यावर आणि कळ्यांवर दाटीने बसलेले मऊ, हिरवे, काळे किंवा पिवळसर ठिपके, आणि पानांवर पडलेल्या पांढऱ्या काती. या काती म्हणजे वेगळी कीड नव्हे, वाढताना माव्यानेच टाकलेली कातडी. माव्याचा वेग कुठून येतो ते कळायला १७४० सालचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या तरुण निसर्ग-अभ्यासकाने नुकतंच जन्मलेलं एक मावा-पिल्लू एकटंच झाकून ठेवलं. नराचा संबंधच येऊ दिला नाही. तरीही मोठ्या झालेल्या त्या मादीने ९५ पिल्लांना जन्म दिला. घरातल्या माव्याच्या माद्या अशाच असतात. त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि पोटातल्या पिल्लांच्या आतही पुढची पिढी वाढायला लागलेली असते. उबदार हवेत पिल्लू आठ-दहा दिवसांत आई होतं. एक मादी राहिली तरी पंधरवड्यात शेंडा भरतो. पण माव्याला लपायला फारशी जागा नसते आणि तो मऊ असतो, त्यामुळे आटोक्यात आणायला सगळ्यांत सोपाही तोच. नळाच्या जोरदार धारेने निम्मं काम होतं.

पिठ्या ढेकूण, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी असलेला मिलीबग, याच्या उलट. दिसायला ठळक, काढायला चिवट. बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसतो. तो पुंजका नेहमीच किडा असतो असं नाही, बऱ्याचदा ती अंड्यांची पिशवी असते आणि तिच्यात काहीशे अंडी असू शकतात. किड्याच्या अंगावर मेणाची पूड असते, त्यामुळे पाण्यासारखं औषध त्यावरून ओघळून जातं. पिशवीतल्या अंड्यांपर्यंत तर ते पोचतच नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं मात्र सुरुवातीला जवळजवळ उघडी असतात. बारीक, पिवळसर, चालती. या दिवसांत ती सहज मरतात. मिलीबगची सगळी लढाई या पिल्लांना वेळेवर गाठण्याची आहे. जास्वंदीच्या कळ्यांमध्ये, कलांचोच्या फुलांच्या गुच्छात, ख्रिसमस कॅक्टसच्या सांध्यांवर आणि ऑर्किडच्या वाळलेल्या पर्णकोषाखाली तो हमखास बसतो. ऑर्किडच्या खोडावरचा वाळका पापुद्रा अलगद सोलून बघितल्याशिवाय झाड साफ आहे असं म्हणू नये. झाड कारण नसताना मलूल दिसत असेल तर कुंडीतून उपसून मुळंही बघावीत. मुळांवर राहणारी पिठ्या ढेकणाची जात वेगळी असते, आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी हीच तिची खूण.

फुलकिडे, ज्यांना थ्रिप्स म्हणतात, ते फुलझाडाचे सगळ्यांत कटकटीचे शत्रू. लांबी एक-दोन मिलिमीटर, आकार शेवईच्या तुकड्यासारखा. ते पानाचा किंवा पाकळीचा पृष्ठभाग खरवडून आतला रस पितात. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते आणि तिथे चंदेरी चट्टा दिसतो. त्या चट्ट्यावर काळे बारीक ठिपके असतील तर ती त्यांची विष्ठा, आणि मग शंकेला जागा नाही. कळ्या वेड्यावाकड्या उमलतात, पाकळ्यांवर फिकट रेघा येतात, अँथुरियमच्या रंगीत पानावर ओरखडे दिसतात. आफ्रिकन व्हायोलेटमध्ये तर परागकणांची पिवळी भुकटी पाकळ्यांवर सांडलेली दिसते, कारण फुलकिडे परागकोष फोडून खातात. खात्री करायची असेल तर फुलावर हलकेच फुंकर घाला. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ते चाळवतात आणि पाकळ्यांच्या तळातून बाहेर धावतात. मग फूल पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेल्या रेघा चालायला लागल्या की उत्तर मिळालं.

त्यांचा जीवनक्रम बघा म्हणजे एक फवारणी का पुरत नाही ते उलगडतं. मादी अंडी पानाच्या आत खोचते, तिथे वरून मारलेलं औषध पोचत नाही. पिल्लं पानांवर आणि फुलांत खातात, ती औषधाच्या कक्षेत येतात. पुढच्या दोन अवस्थांत किडा खात नाही, बहुतेक जण मातीत उतरून तिथे थांबतात, म्हणजे पुन्हा औषधापासून सुरक्षित. मग पंख फुटलेला किडा वर येतो आणि मिटलेल्या कळीत शिरतो, तिथेही औषध जात नाही. म्हणजे कोणत्याही एका दिवशी फवारलं तरी वस्तीचा एक भाग पानाच्या आत, एक मातीत आणि एक कळीत असतो. उबदार घरात हा फेरा दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होतो.

लाल कोळी हा खरं म्हणजे कीटकच नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्याच्या कुळातला. हा भेद महत्त्वाचा, कारण कीटकांसाठी बनवलेली कित्येक औषधं त्याच्यावर चालत नाहीत, आणि काहींमुळे तर त्याला खाणारे शत्रू मरून तो वाढतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, पान निस्तेज, खालच्या बाजूला धुळीसारखे हलणारे कण, आणि प्रकरण वाढलं की देठांमध्ये तलम जाळं. कोरडी, गरम हवा त्याला मानवते. तापमान तीस अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंत त्याला आठवडाभरच लागतो, थंडाव्यात दुप्पट किंवा जास्त. कुंडीतला छोटा गुलाब आणि जास्वंद त्याची आवडती. पानांवर पाण्याचा हलका फवारा मारत राहण्याचा सल्ला खूप ऐकू येतो, पण तो ओलावा काही मिनिटांत उडून जातो. पानांची खालची बाजू पाण्याने धुऊन काढणं मात्र खरोखर उपयोगी आहे, त्याने कोळी, अंडी आणि जाळं तिन्ही वाहून जातात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. खवले कीड म्हणजे खोडावर आणि पानाच्या शिरेवर चिकटलेले तपकिरी खवले, नखाने निघतात. मेल्यावरही खवला तसाच राहतो, म्हणून तो दाबून बघावा: कोरडा असेल तर आतला किडा मेलेला आहे. पांढरी माशी झाड हलवलं की भुरकन उडते, पण नुकसान करतात ती पानाखाली चिकटून बसलेली, न हलणारी पिल्लं. मातीवर घिरट्या घालणारी काळी चिलटं झाडाला त्रास देत नाहीत. मातीच्या वरच्या थरातल्या त्यांच्या अळ्या बुरशी आणि कोवळी मुळं खातात. त्यांचं मूळ जास्त पाण्यात असतं. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर दर वेळी सुकू दिला तर बहुतेक प्रश्न मिटतो. न मिटल्यास बीटीआय नावाचा जिवाणू पाण्यातून मातीला द्यावा. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यातून तो वेगळा केला गेला, आणि डास व चिलटांच्या अळ्यांच्या पोटात गेला तरच तो काम करतो. आफ्रिकन व्हायोलेट किंवा सायक्लामेनच्या मधली पानं बारीक, घट्ट आणि ठिसूळ होऊ लागली आणि भिंगातूनही काही दिसत नसेल, तर सायक्लामेन माइट या अतिसूक्ष्म कोळ्याचा संशय घ्यावा. माझ्या मते अशा झाडाच्या मागे न लागता ते पिशवीत बांधून टाकून देणं शहाणपणाचं, कारण शेजारचं झाड वाचतं.

मग करायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

पहिलं काम, झाड वेगळं ठेवणं. वेगळ्या खोलीत, आणि पाणी घालताना त्याला शेवटी हात लावायचा. मिलीबग आणि कोळ्याची पिल्लं कपड्यांवरून, हातांवरून, एकमेकांना टेकलेल्या पानांवरून पसरतात.

दुसरं काम करताना जीवावर येतं, पण सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो: फुलं आणि कळ्या कापून टाकणं. फुलकिडे असतील तर हे टाळताच येत नाही. पाकळ्यांच्या घड्यांत औषध जात नाही, गेलं तर पाकळीवर डाग पडतात, आणि आतला किडा परागकण खाऊन टुणटुणीत राहतो. एक बहर सोडला की त्याचं अन्नही गेलं आणि लपायची जागाही. मिलीबगने भरलेला फुलांचा गुच्छ असेल तरी हेच. कापलेलं लगेच पिशवीत बंद करायचं, कचऱ्याच्या डब्यात उघडं टाकायचं नाही. फक्त मावा असेल आणि कळ्या धुता येत असतील तर मात्र फुलं ठेवायला हरकत नाही.

तिसरं, धुणं. कुंडीच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधा म्हणजे माती सांडणार नाही, झाड आडवं धरा आणि खालून वर अशी धार मारा. आफ्रिकन व्हायोलेटसारख्या लव असलेल्या पानांना गार पाण्याने डाग पडतात, तिथे कोमट पाणी घ्यावं आणि पूर्ण सुकेपर्यंत झाड उन्हात ठेवू नये. ऑर्किडच्या मध्यभागी साठलेलं पाणी कापसाने टिपून घ्यावं, नाहीतर शेंडा कुजतो.

औषधाची पाळी इथे येते. मिलीबग आणि खवले थोडे असतील तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी पुरते. अल्कोहोल मेण विरघळवतं आणि किड्याला सुकवतं. पुंजक्यावर काडी टेकवली की पांढरं क्षणात विरघळून खालचा तपकिरी-गुलाबी किडा दिसतो, तो पुसून घ्यायचा. पाकळ्यांवर आणि लव असलेल्या पानांवर ते लावू नये. खिडकी उघडी असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

झाडभर कीड असेल तर कीटकनाशक साबण. हा फॅटी आम्लांच्या पोटॅशियम क्षारांपासून बनतो आणि मऊ अंगाच्या किड्याचं बाहेरचं आवरण फोडतो. त्याची एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी: तो ओला असतानाच मारतो. सुकला की संपलं, नंतर आलेल्या किड्याला त्याचं काही वाटत नाही. म्हणून पानाखालची बाजू ठिबकेपर्यंत भिजवायची, आणि पुन्हा पुन्हा मारायचा. भांडी घासायचं लिक्विड बरेच जण वापरतात, मी ते सुचवत नाही. ते साबण नसून डिटर्जंट असतं, आणि किड्याच्या मेणाबरोबर पानाचं मेणही काढून टाकतं. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि परिणाम घटतो, तिथे फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्यावं.

निंबोळी तेलाचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. थंड पद्धतीने काढलेल्या तेलात अझाडिरॅक्टिन असतं. त्याने किड्याची भूक मंदावते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते. त्यामुळे फवारल्यावर दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले तर निराश होऊ नये, परिणाम दिसायला काही दिवस जातात. साधारण एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि ते मिसळण्यापुरता थोडासा साबण, हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळावं. तेल असो वा साबण, आधी एका पानावर मारून एक-दोन दिवस वाट बघायची. तहानलेल्या झाडावर, कडक उन्हात किंवा हवा बत्तीस अंशांच्या वर असताना फवारायचं नाही. संध्याकाळची वेळ चांगली.

वेळापत्रकाचं गणित सोपं आहे. औषध अंड्यांना मारत नाही, पिल्लांना मारतं. म्हणून दोन फवारण्यांमधलं अंतर असं हवं की आधीची अंडी फुटलेली असतील, पण त्यातून निघालेली पिल्लं अजून स्वतः अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतील. गरम हवेत कोळी आणि फुलकिड्यांसाठी हे अंतर चार-पाच दिवसांचं, माव्यासाठी पाच-सहा, मिलीबग आणि पांढऱ्या माशीसाठी साधारण आठवड्याचं. किमान एक पूर्ण फेरा यात झाकला गेला पाहिजे, म्हणजे फुलकिड्यांना चार-पाच फवारण्या, आणि मिलीबगला दीड-दोन महिने लक्ष. तिसऱ्या फवारणीच्या सुमारास झाड स्वच्छ दिसतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. नेमकी तीच थांबू नये अशी वेळ. फुलकिड्यांच्या बाबतीत मातीतली अवस्थाही धरायची असते, म्हणून वरची दोन-तीन सेंटिमीटर माती काढून नवी भरावी. पिवळे किंवा निळे चिकट कागद कुंडीजवळ लावले तर ते सगळी कीड पकडणार नाहीत, पण संख्या वाढतेय की घटतेय ते रोज सांगतील.

घरात न आणायच्या गोष्टी

झाडाच्या मुळाशी दाणेदार औषध घातलं की ते रसातून सगळीकडे पोचतं, हे ऐकायला सोयीचं वाटतं. या आंतरप्रवाही औषधांपैकी इमिडाक्लोप्रिड सर्वांत परिचित. फुलझाडाबाबत मला ते खटकतं, कारण ते मकरंदात आणि परागकणांतही उतरतं. झाड पुढे बाल्कनीत किंवा अंगणात गेलं की मधमाश्या तेच गोळा करतात. शिवाय कोळ्यांवर त्याचा उपयोग नाही, उलट त्याच्या वापरानंतर कोळी वाढल्याचं अनेकदा दिसलं आहे.

डास-झुरळांचा स्प्रे झाडावर मारू नये. त्यातली द्रावकं पानं जाळतात. पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला जीवघेणं ठरू शकतं आणि मत्स्यपेटीतल्या माशांनाही. तंबाखूचा काढा अजूनही सुचवला जातो. निकोटिन माणसालाही विषारी आहे आणि कातडीतून अंगात जातं, त्यामुळे बंद घरात त्याला जागा नाही. शेतीसाठीची तीव्र औषधं पातळ करून घरात वापरणं त्याच कारणाने टाळावं.

एका पाहुण्याला मात्र मारू नका. बाहेरून आलेल्या झाडावर मिलीबगसारखाच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी मढलेला, पण त्याहून मोठा आणि भराभर चालणारा जीव दिसला तर थांबा. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी अगदी अशी दिसते, आणि ती मिलीबग खाऊनच जगते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. मिलीबग आवरण्यासाठी १८९१ च्या सुमारास तो मुद्दाम कॅलिफोर्नियात नेण्यात आला आणि आज जगभर वापरला जातो. बंद घरात प्रौढ ढालकिडे खिडकीकडे उडून जातात, त्यामुळे विकत आणून सोडण्यात फारसा अर्थ नाही, पण आपणहून आलेल्या अळीला तिचं काम करू द्यावं.

झाड बरं झालं हे ओळखताना जुन्या पानांकडे बघू नका. चंदेरी चट्टे, फिकट ठिपके, वाकडी पानं पुन्हा सुधारत नाहीत, ती तशीच राहतात. नवी पालवी बघा. शेवटच्या फवारणीनंतर फुटलेली पानं स्वच्छ असतील, चिकट कागदावर नवीन किडे नसतील आणि बेचके भिंगाखाली कोरडे दिसत असतील, तर आणखी तीन आठवडे झाड वेगळंच ठेवून मग बाकीच्यांत न्यावं. खत त्यानंतर सुरू करायचं, तेही अर्ध्या मात्रेने. नवीन झाड घरी आणाल तेव्हाही हाच तीन आठवड्यांचा मुक्काम त्याला बाजूला द्या, आणि त्या काळात आलेली पहिली कळी पांढऱ्या कागदावर झटकून बघा.